पाय आलेत

ग्लेनिस अ‍ॅक्रॉइड पहिल्यांदा लोकांना हसवायला उभी राहिली
हडर्सफील्डच्या कामगार क्लबात,
हौझीचे दोन डाव आणि एक गाणारा जादूगार
यांच्या मधल्या फटीत.
साल चौऱ्याहत्तर. अंगात आईचा चॉकलेटी कोट,
खिशात विनोदांची चिठ्ठी, घामानं शाई फुटलेली.
सातव्या वाक्याला हसू लोकांच्या अगदी ओठांवर आलं होतं
तेवढ्यात चेअरमननं तिच्या हातातला माईक घेतला.
"थांब पोरी. पाय आलेत."
आणि अख्खा क्लब उठून गेला.

हे तिनं मला सांगितलं बारा वर्षांनी,
लीड्सच्या स्टुडिओत,
मी तिच्या पायांशी बसलेले, तोंडात टाचण्या.
मला वाटलं, कुणाचे पाय?
कोण थोर माणूस येणार होता तिथे,
ज्याच्या पायांची आधी वर्दी द्यावी लागे?
पाय म्हणजे तिकडची मटण भरलेली गरम कचोरी
हे मला कँटीनमध्ये कळलं, गुरुवारी.

मालिकेत ती लाँड्रीवाली ऑड्री.
मी तिला तीन निळे डगले शिवले:
एक अंगात, एक धुण्यात, एक अपघातासाठी.
सतरा वर्षं.
दर वर्षी बाजूची शिवण अर्धा इंच उसवत गेले,
तिनं कधी विचारलं नाही.
लेखक सगळे तिशीतले,
त्यांच्या घरी धुणं कोण करतं ठाऊक नाही.
त्यांची वाक्यं ती वाफेत सोडून द्यायची
आणि स्वतःचं एखादं हळूच मध्ये सरकवायची,
दुसऱ्याच्या मशीनमध्ये आपला एक मोजा टाकावा तसं.
भर बाजारात बायका तिला थांबवून विचारत,
वाइनचा डाग कशानं जातो?
ती सांगायची. जात नसे.

मग वर कुणीतरी ठरवलं,
ऑड्रीला जिन्यात झटका यावा.
तीन टेक झाले. पहिल्या दोन्हींत प्रेत हसलं.
तिसऱ्यात मीच डोळे मिटले.

नंतर फोन वाजायचा तो बहुतेक बहिणीचा.
एका नाताळात स्कारबराला सावत्र आई झाली,
आणि एक जाहिरात मिळाली,
म्हाताऱ्यांना जिना चढवणाऱ्या विजेच्या खुर्चीची.
"ही जरा आधी मिळायला हवी होती," म्हणाली,
आणि पट्टा बांधून वर गेली.

एकाहत्तराव्या वर्षी हॅलिफॅक्सला, पबच्या माडीवर,
पुन्हा पहिल्यापासून.
सव्वीस माणसं, त्यांत मी.
बसच्या पासाचा किस्सा अर्ध्यावर आला
आणि ती थांबली.
थांबणं वेगळं, विसरणं वेगळं,
विंगेत उभं राहून मी हा फरक शिकलेय.
हे विसरणं होतं.
कुणीतरी ग्लास ठेवला, केवढा आवाज झाला त्याचा.
मांडीवरचा कोट घट्ट धरून मी मागून ओरडले,
कधी न पाहिलेल्या त्या चेअरमनच्या आवाजात:
"थांब पोरी! पाय आलेत!"
पुढचे दोन म्हातारे खोकेपर्यंत हसले.
तरुण पोरं दाराकडे बघू लागली.
ग्लेनिसनं कपाळावर हात धरून अंधारात पाहिलं.
"कोण ती? तिला दोन द्या," म्हणाली,
आणि सुटली. पासाचा किस्सा तसाच राहिला.

शेवटच्या बसमध्ये तिनं बूट काढले.
मी म्हटलं, आमच्या भाषेत पाय म्हणजे हे,
तुझे आत्ता सुजलेत ते.
ती कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
"म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत होतं..."
नव्हतं वाटत. गुरुवारीच कळलं होतं मला.
पण मी मान हलवली.
तिनं तिकिटाच्या मागे काहीतरी खरडलं.

पुढच्या महिन्यात वेकफील्डला
तिनं तो किस्सा सांगितला.
छान सांगितला. माझ्यापेक्षा छान.
किश्श्यातली शिंपीण भोळी होती जरा,
आणि तिला नाव नव्हतं.
मी सगळ्यांच्या आधी हसले.